यादीतली मुलं आणि यादीबाहेरची

एक मे हा महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये झेंड्याचा आणि निकालाचा दिवस. ध्वजवंदन उरकतं, पोरांच्या हातावर गोळ्या-बिस्किटं पडतात आणि मग वर्गशिक्षकांच्या टेबलाभोवती प्रगतिपुस्तकांसाठी झुंबड उडते. बारा-तेरा वर्षं या झुंबडीत नापास होण्याची धास्ती नव्हती, निदान आठवीपर्यंत नव्हती. शिक्षण हक्क कायद्याने मुलाला मागे ठेवायला मनाई केली होती. राज्य सरकारने २०२३ मध्ये नियम बदलले. २०२३-२४ या वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, तीत अडकलेल्यांसाठी फेरपरीक्षा आली आणि फेरपरीक्षेतही निभावलं नाही तर त्याच वर्गात पुन्हा बसणं आलं. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रानेही आपल्या नियमांत तशीच दुरुस्ती केली.

शिक्षकखोल्यांमधून या बदलाचं स्वागत झालं, आणि ते कुणी लपवलंही नाही. ‘आता तरी पोरं पुस्तक उघडतील’ असं उघड बोललं गेलं. पालकांनीही फारशी कुरकुर केली नाही. अभ्यास केला नाही तर मूल नापास व्हायलाच हवं, हे आपल्या घराघरांत ठरलेलंच आहे. परीक्षा असावी की नसावी यावर दोन्ही बाजूंनी भरपूर शाई खर्च झाली. मात्र वर्गात उभ्या असलेल्या बाई किंवा गुरुजी त्या मुलाकडून मुळात काय अपेक्षा ठेवून आहेत, हा प्रश्न या गदारोळात कुणी काढलाच नाही. त्या प्रश्नाचं उत्तर तर साठ वर्षांपासून आपल्यासमोर पडून आहे.

ते उत्तर पहिल्यांदा ठळकपणे दिलं रॉबर्ट रोझेन्थाल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. जानेवारी २०२४ मध्ये, वयाची नव्वदी गाठून, ते वारले. लेनोर जेकबसन या मुख्याध्यापिकेला सोबत घेऊन त्यांनी कॅलिफोर्नियात, दक्षिण सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका प्राथमिक शाळेत, १९६४ मध्ये सगळ्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली. शिक्षकांना सांगितलं की ही हार्वर्डची खास चाचणी आहे, कोणती मुलं लवकरच फुलणार हे तिच्यातून कळतं. नवीन वर्ष सुरू होताना प्रत्येक शिक्षकाच्या हातात काही नावं ठेवली गेली. शाळेतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या मुलांची ही नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढलेली होती, चाचणीतल्या गुणांशी त्यांचा काहीएक संबंध नव्हता.

वर्षाअखेरीस तीच चाचणी पुन्हा घेतली. पहिलीत यादीबाहेरच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी १२ने वाढला होता, यादीतल्यांचा २७ने. दुसरीत हाच फरक ७ आणि १६ असा होता. वरच्या इयत्तांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही. १९६८ मध्ये या प्रयोगावरचं पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. गाजताना त्यातले दोन तपशील मागे पडले. शिक्षकांनी ती नावं धड लक्षातही ठेवली नव्हती. वर्षाअखेर विचारलं तर अनेकांना ती सांगता आली नाहीत. म्हणजे मुद्दाम लाड कुणी केले नव्हते. जे झालं ते नजरेतून झालं, कुणाला प्रश्न विचारायचा आणि उत्तराची किती वेळ वाट पाहायची यातून झालं. दुसरा तपशील जास्त बोचरा आहे. यादीत नाव नसताना, आणि त्यातही कच्च्या समजल्या गेलेल्या वर्गांत, जी मुलं पुढे सरकली त्यांच्याबद्दल शिक्षकांचं मत चांगलं झालं नाही. जितकी प्रगती जास्त, तितका शेरा थंड.

प्रयोगावर टीकाही सडकून झाली. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी चाचणीचीच लाज काढली: लहान मुलांसाठी ती मुळात विश्वासार्ह नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे ली जुसिम यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं की शिक्षकांची अपेक्षा बऱ्याचदा मुलाच्या खऱ्या कुवतीवरच बेतलेली असते आणि तिचा स्वतंत्र परिणाम सरासरीने लहान असतो; ज्यांच्यावर समाजाने आधीच बट्टा लावला आहे अशा मुलांच्या बाबतीत मात्र तो मोठा होऊ शकतो. १९८४ मध्ये स्टीफन राउडेनबुश यांनी असे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. शिक्षकाला वर्गातली मुलं दोन आठवड्यांहून जास्त काळ ओळखीची असतील तर बाहेरून दिलेल्या यादीचा त्याच्यावर जवळपास काहीच परिणाम होत नाही. मूल ओळखीचं झालं की चिठ्ठी चालत नाही.

आपल्याकडे चिठ्ठीची गरजही नसते, आडनाव पुरतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. निम्मे तथाकथित वरच्या जातींचे, निम्मे खालच्या मानलेल्या. जातीचा उच्चार झाला नाही तेव्हा दोन्ही गटांनी सारखीच कोडी सोडवली. सर्वांसमोर नाव, गाव, बाप आणि जात पुकारली गेली तेव्हा खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी सुमारे पाव हिश्श्याने घसरली. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर मुलाची जात मनाला येईल तशी लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. जात ‘खालची’ दिसली की गुण थोडे कमी पडले. फरक लहान होता, पण होता. आणि तो मुख्यतः स्वतः त्याच जातींतून आलेल्या शिक्षकांकडून पडला. ज्यांना शेऱ्याचा चटका ठाऊक होता, त्यांच्याच लेखणीतून तो पुन्हा उतरला.

महाराष्ट्राला यात नवं वाटण्यासारखं काही नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळांचे शिक्षक कोणत्या थरातून यावेत याबद्दल जे मांडलं, त्यामागे हीच जाण होती. शाळेत गोणपाटावर वेगळं बसलेला आणि संस्कृत शिकायला मज्जाव झाला म्हणून फारसी घेतलेला मुलगा पुढे कोण झाला, हे पुस्तकात आहेच. शरणकुमार लिंबाळे आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनांमध्ये शाळेची पायरी चढणं हाच एक प्रसंग आहे.

त्यानंतरची बरीच वर्षं एका परिच्छेदात आटोपता येतात, कारण ती एकमेकांसारखीच होती. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली तेव्हापासून नव्वदचं दशक संपेपर्यंत मोठ्या गावातल्या बहुतेक माध्यमिक शाळांचा नकाशा ठरलेला असे. अ तुकडीत मागच्या वर्षी वरचे गुण मिळवलेली मुलं, गणित-शास्त्राचे नावाजलेले सर, भिंतीवर धड फळा. क आणि ड तुकडीत उरलेली मुलं आणि वेळापत्रकात जे शिक्षक उरले ते. ‘ड’मध्ये गेलेला मुलगा पुन्हा ‘अ’मध्ये आल्याची गोष्ट गावात दंतकथेसारखी सांगितली जाई. चौथीत आणि सातवीत शिष्यवृत्तीला बसवायची मुलं निवडली जात, आणि शाळा सुटल्यावरचा जादा तास त्यांच्यासाठी होई. म्हणजे शाळेतल्या सर्वांत चांगल्या शिक्षकाचा सर्वांत निवांत तास आधीच पुढे असलेल्या मुलांना. दहावीची गुणवत्ता यादी लागली की पेपरात पेढा भरवतानाचे फोटो येत. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात मंडळाने ती यादी बंद केली आणि कुणाचंही काही अडलं नाही.

याच काळात वेगळं करून दाखवणारे होते, नाही असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात वारली मुलांची शाळा गुरं चरतात त्या कुरणात नेली. ‘यांना शाळा नको असते’ हे मत खोडायला याहून साधा उपाय नव्हता. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं आणि मुलांना क्रमांकांच्या शर्यतीबाहेर ठेवून शिकवता येतं हे वर्षानुवर्षं दाखवलं. लीलाताई २०२० मध्ये गेल्या. सरकारी शाळांनी त्यांच्याकडून फार थोडं उचललं.

मग आलं २०१०चं दशक. ते ज्यांनी वर्गात काढलं त्यांच्याशी आजही बोलावं. दोन मिनिटांत आवाज चढतो.

एक एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि ऑगस्टमध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. कल्पना सुरेख होती. वर्षातून दोनदा मुलाला तराजूत घालायचं नाही. शिक्षकाने वर्षभर त्याच्याकडे बघायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. गुणांच्या जागी अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेणी आल्या. ‘ड’च्या खाली राहिलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन वर आणायची जबाबदारी शाळेची होती. नोंदवहीत प्रत्येक मुलासाठी रकाने होते: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. रोझेन्थालांच्या प्रयोगातून निघणारा धडा राज्यभर राबवायचा म्हटलं तर याहून चांगलं साधन मिळालं नसतं. शिक्षकाला मूल ओळखायला भाग पाडणारा तो कागद होता.

दोन-तीन वर्षांत त्याची वाट लागली. दुकानांत ‘वर्णनात्मक नोंदी’ नावाच्या तयार पुस्तिका मिळू लागल्या, पुढे त्यांच्या फाइली शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागल्या. विषयवार, इयत्तावार, श्रेणीवार वाक्यं. ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘गणिती क्रिया अचूक करतो.’ ‘हस्ताक्षर सुधारणे आवश्यक.’ ‘वर्गात लक्ष देत नाही.’ एप्रिलच्या उन्हात पंख्याखाली बसून गुरुजी पन्नास वह्या एका बैठकीत भरत. मुलीच्या नावापुढे ‘म्हणतो’ राहून गेलेलं सापडे. चांगल्या मुलांसाठीच्या नोंदी पुस्तिकेच्या पहिल्या पानांवर आणि मागे पडलेल्यांच्या शेवटी, त्यामुळे कुणाला कोणतं पान हे सप्टेंबरातच ठरलेलं असे आणि एप्रिलपर्यंत ते बदलत नसे. याचा दोष एकट्या शिक्षकाला देणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. त्याच काळात त्याच्याकडे पोषण आहाराचा हिशेब, मतदारयाद्या आणि २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीवर प्रत्येक मुलाची माहिती भरणं असं सगळं आलं होतं. तपासणीला येणारे साहेब वही भरली आहे का ते बघत. मुलाला वाचता येतं का हे बघणाऱ्याला वेळ लागतो.

दरम्यान आठवीपर्यंतच्या अख्ख्या पिढीला लोकांनी ‘ढकलपास’ म्हणायला सुरुवात केली. संपादकीयांमधून, लग्नाच्या पंगतीतून, शिक्षकांच्या अधिवेशनांतून. अमुक मुलाला वाचता येत नाही असं कुणी म्हणत नसे. ‘हल्लीच्या मुलांना’ काही येत नाही, असं म्हणत. कायद्याने एकेका मुलावरचा शेरा पुसला तर समाजाने तो घाऊक भावात सगळ्यांवर मारला. या तक्रारीला तेव्हा एक साधं उत्तर होतं, ते फारसं कुणी दिलं नाही. ‘असर’ची ग्रामीण पाहणी २००५ पासून होते आहे. हा कायदा शाळांपर्यंत नीट पोचायच्या आतली, २०१० सालचीही आकडेवारी सांगते की देशातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नव्हता. तोवरची सगळी वर्षं नापास करण्याची मुभा होती. त्या मुभेने वाचायला शिकवलं नव्हतं.

खरा खेळ नववीत चाले. आठवीपर्यंत हात बांधलेल्या शाळांचे हात नववीत मोकळे होत, आणि दहावीच्या निकालाच्या फलकावर ‘१०० टक्के’ लिहायचं असेल तर चाळणी नववीतच लावायला हवी. ज्याच्याबद्दल खात्री नाही त्याला नववीत बसवायचं, किंवा पालकांना बोलावून हळूच सुचवायचं की १७ नंबरचा फॉर्म भरा, खासगीतून बसवा. फॉर्म १७ हा मुळात शाळा सुटलेल्यांना परीक्षेचं दार उघडं राहावं म्हणून आहे. ज्यांची शाळा सुटलेली नाही त्यांना बाहेर काढायलाही तो कामी आला. अशा शाळांचे शंभर टक्के निकालाचे सत्कार थाटात झाले, आणि ज्यांच्यामुळे टक्केवारी ९७ झाली असती ती पोरं त्या दिवशी सभागृहात नव्हती.

याच दशकात साताऱ्याजवळ कुमठे बीटमध्ये एक वेगळी गोष्ट घडत होती. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांना बरोबर घेऊन एक आग्रह धरला: प्रत्येक मूल शिकू शकतं, आणि जे शिकत नाही त्याच्यासाठी आपली रीत बदलायची. मुलं बाकांवर बसायची थांबली आणि जमिनीवर गटांत बसली. फरशीवर अक्षरं, संख्या, शब्दांचे चौकोन रंगवले गेले. पहिलीतली मुलं काड्या आणि मण्यांच्या माळा घेऊन मोठमोठ्या संख्यांशी खेळू लागली. राज्यभरातले शिक्षक तिथे वारी केल्यासारखे जाऊन आले. ज्यांनी पाहिलं त्यांना फरशीपेक्षा शिक्षकांचं बोलणं जास्त लक्षात राहिलं: ‘याला येत नाही’ असं तिथे म्हणत नव्हते, ‘याला अजून आलेलं नाही’ असं म्हणत होते.

सरकारने ते उचललं. बावीस जून २०१५च्या निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं आणि तेव्हाचे शिक्षण सचिव नंदकुमार यांनी ‘प्रत्येक मूल शिकू शकतं’ हे वाक्य खरोखरच राज्याच्या कानाकोपऱ्यात नेलं. त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. मंत्रालयातून शिक्षकाच्या अपेक्षेबद्दल इतकं स्पष्ट बोलणारा माणूस त्याआधी क्वचितच झाला. पुढे काय झालं ते वेगळं. महिनाभरात फरश्या रंगवायची कंत्राटं निघाल्यासारखी शाळाशाळांमध्ये कुमठ्याची नक्कल झाली. रंग आला, आग्रह आला नाही. शाळा ‘प्रगत’ ठरवायचे निकष आले, प्रगत शाळांची संख्या वर कळवायची घाई आली. पायाभूत चाचण्या झाल्या, आणि त्यातून प्रत्येक शाळेच्या कपाटात एक नवी फाइल तयार झाली: ‘अप्रगत विद्यार्थ्यांची यादी’.

केंद्रप्रमुख आले की ती फाइल उघडली जाई. आधी वर्गात चौदा, मग नऊ, मग चार. साहेबांना आकडा उतरलेला हवा असे आणि तो उतरत जाई. काही ठिकाणी मुलं खरंच वाचायला लागली म्हणून उतरला. काही ठिकाणी कागदावर उतरला. वर्गातल्या पोरांना मात्र फाइल उघडायची गरज नव्हती. साहेब येणार त्या दिवशी कुणाला पुढे बसवतात आणि कुणाला पाणी आणायला पाठवतात, यावरून त्यांना यादी पाठ झालेली असे.

इथे एक गाठ सोडवायला हवी. मुलांना पातळीनुसार वेगळं बसवणं हेच पाप आहे, असं या सगळ्यातून निघत नाही. याच महाराष्ट्रातला पुरावा उलटा आहे. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांमध्ये ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, शाळा शिकलेल्या, महिना पाचशे-सातशे रुपयांवर काम करणाऱ्या मुली. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना त्या रोज दोन तास बाजूला घेत आणि जिथे मूल आहे तिथून शिकवत. पुढे नोबेल मिळवलेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर हे मोजलं. सर्वांत मागच्या मुलांनी सर्वांत जास्त झेप घेतली. गंमत म्हणजे ती मुलं बाहेर गेल्यावर वर्गात जी उरली, त्यांना गर्दी कमी होऊनही काही फायदा झाला नाही. वर्गात तेच गुरुजी होते आणि तेच पाठ्यपुस्तक पुढे ओढलं जात होतं.

बालसखीकडे डी.एड. नव्हतं. तिच्या वाट्याला आलेली मुलं ‘कच्ची’ म्हणूनच आली होती, म्हणजे शेरा तिलाही दिला गेला होता. फरक इतकाच की त्या मुलांना वाचायला शिकवणं हेच तिचं एकमेव काम होतं. ती वाचणार नाहीत असं धरलं असतं तर तिला तिथे बसायचं कारणच उरलं नसतं. जुन्या ड तुकडीतल्या शिक्षकावर असं कोणतंही बंधन नव्हतं. त्याच्याकडून कुणालाच अपेक्षा नव्हती, त्यामुळे त्यानेही ती ठेवली नाही.

एलडीचं प्रमाणपत्र हाही असाच शेरा, पण उपयोगाचा. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीत सवलती देण्यात महाराष्ट्र मंडळ देशात पुढे राहिलं आहे. २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोचला. ज्याला वर्षानुवर्षं आळशी म्हटलं, त्याच्या मेंदूला अक्षरं ओळखायला वेळ लागतो हे कळल्यावर घरातला सूर बदलतो, जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. मात्र ही तपासणी मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत होते. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतलं तसंच मूल अजून आळशीच आहे.

दशकाच्या शेवटी शिक्षण खात्याचं लक्ष शब्दांवर गेलं. दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘अनुत्तीर्ण’ काढून त्या जागी ‘कौशल्य विकासास पात्र’ आलं. हेतू वाईट नव्हता. नापास झालेल्या मुलाच्या आत्महत्येची बातमी दर जूनला येतेच. पण गुणपत्रिका हातात घेणाऱ्या दुकानदारालाही त्या ओळीचा अर्थ पहिल्याच वर्षी समजला. आकड्यांची गंमत तर याहून मोठी. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्रांतले शाळांच्या हातातले अंतर्गत गुण काढले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत आले, २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के. वर्षभरात मुलं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार, असं मानणारा कुणी भेटणार नाही. ज्यांच्या कपाळी २०१९ साली नापासाचा शिक्का बसला, त्यांतल्या कित्येकांचा अपराध एवढाच की त्यांचा जन्म चुकीच्या वर्षी झाला.

आणखी एक घाव त्याच सुमारास बसला, त्याची नोंद शिक्षणाच्या इतिहासात होत नाही. २०१८ मध्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्या एकगठ्ठा झाल्या. बदल्यांतला वशिला संपावा हा उद्देश रास्तच होता आणि कित्येक वर्षं दुर्गम गावात अडकलेल्यांना न्यायही मिळाला. पण एका जूनमध्ये शेकडो गावांतल्या शाळांचे सगळे चेहरे बदलले. नव्या गुरुजींना मुलांची ओळख नव्हती. त्यांना पहिल्या दिवशी जे मिळालं ते आधीच्यांनी लिहिलेलं रजिस्टर होतं, आणि राउडेनबुश यांच्या निष्कर्षातले पहिले दोन आठवडे नेमके तेच असतात.

मग कोरोना आला. २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही, शाळांनी दिलेल्या गुणांवर निकाल ९९.९५ टक्के लागला आणि त्या मुलांच्या नशिबी ‘कोरोना बॅच’ हे नाव आलं. अकरावीच्या वर्गात, पुढे मुलाखतीत, कुणी ना कुणी ते उच्चारतोच. त्यांनी कुणाकडे परीक्षा रद्द करा म्हणून मागणी केली होती का, हे विचारायला कुणी थांबत नाही.

आता पुन्हा पाचवी-आठवीच्या नापासांची वेळ आहे. नापास करण्याची मुभा परत यायच्या आधीच मुलं सावरू लागली होती, ही बाब चर्चेत आली नाही. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीत देशभरच्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी २०१८ मध्ये ४४.२ टक्के होती, शाळा बंद राहिल्यावर २०२२ मध्ये ३८.५ टक्के आणि २०२४ मध्ये ४४.८ टक्के. ही भरपाई पायाभूत वाचन-गणितावर भर दिल्यामुळे झाली असं पाहणी करणाऱ्यांचं मत आहे. भीतीचा त्यात काही वाटा असल्याचं दिसत नाही.

केंद्राच्या डिसेंबर २०२४च्या नियमांत एक तरतूद आहे, ती वाचायला हवी. नापास झालेल्या मुलाला जादा शिकवून निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा द्यायची संधी आहे. तरीही तो मागे राहिला तर वर्गशिक्षकाने त्याला आणि पालकांना मार्गदर्शन करायचं, आणि मागे ठेवलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकाने ठेवून त्यांच्यावर जातीने लक्ष द्यायचं. प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येणार नाही. कागदावर हे चांगलंच आहे. पण निकाल एक मेला, फेरपरीक्षा जूनमध्ये, आणि मधले सगळे दिवस उन्हाळी सुट्टीचे. त्या दिवसांत शिकवणार कोण, याचं उत्तर बहुतेक शाळांकडे नाही. मुख्याध्यापकाच्या टेबलावर यादी मात्र नक्की असेल.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या पालकांनी एप्रिल संपायच्या आत एक बैठक मागून घ्यावी. मागे पडलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला आज काय वाचता येतं, मे महिन्यात त्याला कोण शिकवणार आणि किती वाजता, हे लिहिलेलं आहे का ते पाहावं. नसेल तर तसं इतिवृत्तात नोंदवून घ्यावं आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी.